बॅटरीचं पारायण

डबा उघडला आणि आतून सिमेंटचा गोळा निघाला.

बेलफळाएवढा. वरून काळा रंग फासलेला आणि कसल्याशा गोंदाने डब्याच्या तळाशी चिकटवलेला. दत्तमंदिराच्या मागच्या खोलीत, जिथे आमच्या कॉलनीची सामाईक बॅटरी ठेवलेली असते, तिथे मी पाटावर बसून तो उलटासुलटा करून पाहिला. हा डबा म्हणजे आमचा चार्ज कंट्रोलर. छतांवरच्या पॅनलमधून येणारी वीज बॅटरीत नीट भरायचं काम त्याचं. वैशाखातल्या उन्हाने तो आदल्याच दिवशी बंद पडला होता. फ्यूज उडाला असेल म्हणून मी चार स्क्रू काढले. पिंपळनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली आहेत, स्क्रू काढायला मला कुणाला बोलवावं लागत नाही.

जिथे तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं असायला हवं, तिथे सिमेंट होतं.

हे वेटोळं का महत्त्वाचं, ते मी मुलांना सांगायचे तसंच सांगते. ताक घुसळताना रवीची दोरी ढिली धरून भराभरा ओढली तर हात दुखतात, लोणी येत नाही. फार ताणून धरली तर रवी फिरतच नाही. मध्ये कुठेतरी एक ओढ अशी असते की सगळ्यात जास्त लोणी येतं. पॅनलचंही तसंच. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार एका ठिकाणी सगळ्यात मोठा होतो, आणि ते ठिकाण ऊन, ढग, उष्णता यांच्याबरोबर दिवसभर सरकत राहतं. चांगला कंट्रोलर ते ठिकाण क्षणोक्षणी शोधतो आणि तिथली वीज त्या तांब्याच्या वेटोळ्यातून बॅटरीला सोसेल अशा दाबाची करून देतो. साधा कंट्रोलर काहीच शोधत नाही. पॅनल थेट बॅटरीला जोडतो, बॅटरी भरली की तोडतो. उरलेलं लोणी ताकातच जातं.

आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेलं होतं, म्हणजे शोधणारा. आत होता साधा. आणि उचलून पाहणाऱ्याला हलका लागू नये म्हणून सिमेंट.

डबा बसवला होता मुकुंद अमृतकरांनी. घर क्रमांक आठ. माझं सात. आमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत आहे. बाजारपेठेत त्यांचं सोलरचं दुकान आहे, कॉलनीचे सचिवही तेच. मला वहिनी म्हणतात.

दीड वर्षापूर्वी कार्तिकातल्या एका सोमवारी, संध्याकाळी आठ वाजून एकोणीस मिनिटांनी कॉलनीची बॅटरी संपली. आमच्याकडे भारनियमन पाच ते नऊ. माझे यजमान, भालचंद्र कोठावदे, हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन त्या बॅटरीवर चालायचं. राखीव नळकांडं वीस मिनिटांचं होतं. नऊला वीज आली. मधली एकवीस मिनिटं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं, मी होते.

त्यानंतर मी एक नेम धरला. कुणाला लागेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो आजवर पाळला आहे. डबा उघडला त्या सकाळी, उचकटून काढलेला सिमेंटचा गोळा पदराखाली धरून मी दत्तासमोर उभी राहिले, हात जोडले आणि मुकुंदभाऊंचं वाईट मागितलं. मनातल्या मनात. देवाला ऐकू जातं, आणि त्याने नेम मोडत नाही.

*

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सभामंडपात बैठक झाली. अकरा घरांची माणसं. मुकुंदभाऊ नवा डबा घेऊनच आले होते.

“हा घ्या,” ते म्हणाले. “आणि ऐका, जुनी बॅटरी मी घेऊन जातो. तिच्या जागी नवीकोरी बसवून देतो. फुकट. आपली कॉलनी आहे, दुकान कशाला मध्ये आणायचं?”

लोक खूष. पहिल्या घरातल्या पंडितनाना देवऱ्यांनी तेवढी भुवई वर केली. नाना एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बोलणं अजून गाडीतलं.

“फुकट?” नाना म्हणाले. “काय भो मुकुंदा, तू तर कधी अर्ध्या तिकिटातही कुणाला सोडलं नाही.”

“नाना, तुम्ही नका बोलू,” मुकुंदभाऊ हसत म्हणाले. “तुमच्या बोलण्याने नाही, चहाने बॅटऱ्या संपतात.”

दोघंतिघं हसले. नानांनी मांडीवरचा पंचा उगीच झटकला.

या हसण्याची गोष्ट सांगायला हवी. गावात गॅसच्या टाक्या येईनाशा झाल्यापासून सगळ्यांकडे इंडक्शनची शेगडी. यजमान मशीनवर आले तेव्हा कॉलनीने आपणहून नियम केला, की पाच ते नऊ कुणीही शेगडी लावायची नाही. सरांचा श्वास आहे तो. आठ महिने दहा घरांनी संध्याकाळी गार भाकरी खाल्ली. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकुंदभाऊ ओट्यावर म्हणाले होते, “कुणीतरी शेगडी लावली त्या टायमाला. आता नानांच्या चहाला वेळकाळ नसते हे काय मी सांगायचं?” नानांनी दत्ताच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. तरी त्यांच्या ओट्यावर माणसं बसेनाशी झाली. त्यांनी चहा सोडला.

मी तेव्हा तिथेच होते. काही बोलले नव्हते.

“मुकुंदभाऊ,” मी म्हणाले, “एक विचारू का? तुम्हाला त्रास होणार नसेल तर.”

“विचारा की वहिनी.”

“जुनी बॅटरी अजून आठ-दहा वर्षं चालेलही. टाकायच्या आधी वाचून घेऊ या का?”

त्यांचं हसू थोडं उशिरा गेलं. “कशाला खर्चात पडायचं? जुनं झालं, गेलं.”

“खर्च माझा. यांच्या नावाने करते असं समजा.”

यजमानांचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? कंट्रोलर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकच्या एका नव्या कारखान्याचा मागवला. वाचणारा.

*

बॅटरीला आठवण असते हे माणसाला उशिरा कळलं. रोज किती भरली, किती उपसली, कधी तळापर्यंत गेली, याचे थर तिच्या आतल्या पत्र्यांवर बसत जातात. झाड तोडल्यावर बुंध्यात वर्षांची कडी दिसतात, तसे इथे दिवसांचे. वाचणारा कंट्रोलर बॅटरीत अगदी हलक्या, वेगवेगळ्या वेगाच्या लहरी सोडतो आणि परत येणारी लहर ऐकतो. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छाती ऐकतात तसं. मग घराघरांतल्या मीटरमधल्या नोंदी उघडतो. त्या नोंदी कुलूपबंद असतात, प्रमाणित कंट्रोलरलाच उघडतात. आमचा आधीचा डबा प्रमाणित नव्हताच, म्हणून त्या कधी उघडल्या गेल्या नव्हत्या. थर, नोंदी आणि त्या-त्या दिवसाचं ऊन, तिन्ही जुळवून तो बॅटरीचा जन्मापासूनचा वृत्तांत लिहितो.

खोटा इतिहास चिकटवून विकलेल्या बॅटऱ्यांनी दोन-तीन शहरांत आगी लागल्या, तेव्हापासून कायदा झाला आहे. सामाईक बॅटरी वाचली तर वाचन सगळ्या भागीदारांसमोर मोठ्याने व्हायला हवं. जुना कंट्रोलर बसवणाऱ्याने शेवटपर्यंत हजर राहायचं, मधून उठला तर परवाना तिथेच रद्द. आणि वाचन पूर्ण घ्यायचं किंवा मुळीच नाही. एक ओळ गाळली तरी शिक्का बसत नाही, आणि शिक्का नसेल तर धुळ्याचे वीज निरीक्षक कागद हातात घेत नाहीत.

नाशिकहून वाचणारं मशीन आलं. मी एकटीने जोडलं. ज्याने जोडलं त्याला आधी एकट्याला वाचायला मिळतं. जेवण झाल्यावर दुपारी मी चष्मा लावून बसले.

एक हजार चारशे एकसष्ट दिवस. प्रत्येक दिवसाला एक ओळ. सूर्याने दिलं एकवीस युनिट, बॅटरीत पोचलं पंधरा, डब्यावरच्या आकड्यांच्या पाटीवर दाखवलं एकवीस. सूर्याने दिलं बावीस, पोचलं सोळा, दाखवलं बावीस. डबा वीज वाया घालवत होता, आणि आकडाही खोटा दाखवत होता. पाटीवर आकडा भरलेला, बॅटरी रिकामी, आणि आम्ही सगळे त्या पाटीकडे बघून दिवे लावत होतो.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मी ओळीमागून ओळ वाचत गेले आणि प्रत्येक ओळीला मनात म्हणत होते, सापडलात.

दिवस नऊशे बारावा. सोमवार.

सूर्याने दिलं अठरा, पोचलं साडेबारा, दाखवलं अठरा. त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, कारण त्या दिवशी बॅटरी तळाला गेली होती. घर क्रमांक सात. इंडक्शन शेगडी. सायंकाळी सहा दहा ते सहा त्रेपन्न.

मी ती लावली होती, हे मला माहीत होतंच. सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. श्रावणात धरलेलं व्रत, यांच्याच श्वासासाठी धरलेलं. चूर्म्याचे लाडू प्रदोषाच्या वेळी, सोवळ्यात, ताजे करून दाखवायचे. माझी मुलगी ऋतुजा म्हणाली होती, “आई, चार वाजताच करून ठेव ना.” मी म्हटलं, चारला केलेला नैवेद्य प्रदोषाला शिळा. पाटीवर पाहिलं, अठ्ठावन्न टक्के. अठ्ठावन्नात त्रेचाळीस मिनिटांनी काय होतंय? दीड वर्ष मी स्वतःला हेच सांगत आले होते.

मशीनने खाली हिशेबही दिला होता. शेगडी लागली नसती तर बॅटरी नऊ वाजून दोन मिनिटांपर्यंत पुरली असती. वीज आली नऊला.

आणि त्याखाली: कंट्रोलर छापल्याप्रमाणे असता, तर शेगडी लावूनही बॅटरी पहाटेपर्यंत पुरली असती.

दोन्ही ओळी खऱ्या होत्या. एक काढून दुसरी ठेवता येत नव्हती.

मी उठले, तोंड धुतलं, दिवा लावला. मग नानांच्या घरी जाऊन सांगून आले, की उद्यापासून दोन दिवस सकाळी सभामंडपात वाचन आहे. सगळ्यांनी यायचं.

*

आमच्या कॉलनीत दत्तजयंतीचं पारायण दरवर्षी मीच वाचते. त्यामुळे मी व्यासपीठावर बसले आणि समोर चौरंगावर मशीन ठेवलं, तेव्हा बायकांनी सवयीने डोक्यावरून पदर घेतले. मशीनने अकरा घरांचे अंगठे घेतले. मुकुंदभाऊ पहिल्या रांगेत बसले, पांढरा शर्ट घालून.

मी वाचायला लागले. पारायणाच्या चालीवर, कारण मला दुसरी चाल येत नाही.

“दिवस पहिला. रविवार. सूर्याने दिलं वीस. पोचलं साडेचौदा. दाखवलं वीस. दिवस दुसरा. सोमवार. सूर्याने दिलं एकवीस. पोचलं पंधरा. दाखवलं एकवीस.”

पहिले पन्नास दिवस कुणाला काही कळलं नाही. साठाव्या दिवसाच्या आसपास चार नंबरच्या वहिनींनी नवऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. शंभराव्या दिवशी नानांनी बोटांवर हिशेब केला. मग ते वळून मुकुंदभाऊंकडे बघायला लागले आणि बघतच राहिले.

दोनशे दिवस झाले तेव्हा मुकुंदभाऊ अर्धवट उठले. “वहिनी, लोकांना कामं आहेत. सारांश सांगा ना. काही फरक असतोच, उन्हाळ्यात थोडी गळती...”

“बस रे,” नाना म्हणाले. “पारायणातून मध्येच उतरायला ही काय एस.टी. आहे?”

ते बसले. नानांच्या बोलण्याने की परवान्याच्या भीतीने, कोण जाणे. मी मान वर केली नाही. सातशे दिवस वाचले. माझा आवाज एकदाही चढला नाही. प्रत्येक ‘दाखवलं’ला मी त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारत होते, आणि तरी तो शब्द साधाच होता. नेम मोडत नव्हता. इतकं समाधान मला कुठल्या उपासाने मिळालेलं नाही.

*

त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी तुळशीपाशी होते.

“या भाऊ. चहा घेणार?”

“चहा नको.” ते पायरीवर बसले. बराच वेळ चप्पल काढून पुन्हा घालत राहिले. “वहिनी, त्या वर्षी बाजारात सगळे तेच डबे होते. मी एकट्याने नाही लावले.”

“हो का?”

“मला वाटलं, थोडं कमी भरेल. एवढंच. कुणाचा जीव जाईल असं कुणाला वाटतं?”

“सिमेंट तुम्ही भरलंत की आतूनच आलं होतं?”

त्यांनी तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाले, “उद्या नऊशे बारावा दिवस येईल.”

मी पाणी घालत राहिले.

“आपल्या दोघांत भिंत केवढी, वहिनी? त्या संध्याकाळी तुपाचा वास आला होता. मी तेव्हाच ओळखलं, चूर्मा चाललाय.” आवाज हळू झाला. “मी कुणाला बोललो? तुमचं नाव येऊ नये म्हणून तर नानांचं पुढे केलं. तुम्हाला सांभाळलं मी.”

तांब्या माझ्या हातात होता म्हणून बरं. मला तो त्यांच्या कपाळावर मारावासा वाटला. ज्या माणसाने माझ्या घरातला श्वास चोरला, तो मला सांभाळल्याचं सांगत होता. आणि सांभाळायला त्याने एक निर्दोष म्हातारा वापरला. मला दीड वर्ष हे सोयीचं होतं, ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

“आता काय करायचं म्हणता?” मी विचारलं.

“वाचन थांबवा. सातशे दिवसांवर शिक्का बसत नाही, तुम्हालाही माहीत आहे. उद्या म्हणा, मशीन बिघडलं. मी नवी बॅटरी बसवतो. सातशे दिवसांचं मी लोकांची माफी मागून निस्तरतो. तुमचं तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ. ऋतुजाला काय वाटेल, याचा तरी विचार करा.”

“करते विचार,” मी म्हणाले. “सकाळी वेळेवर या, भाऊ.”

*

ऋतुजा संभाजीनगरला औषधं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. फोन लावला तेव्हा ती जेवायला बसत होती. मी सगळं सांगितलं. सिमेंट, वाचन, नऊशे बारावा दिवस.

पलीकडे ताटाचा आवाज थांबला.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “बाबांना नेल्यावर. देवघरात उभं राहून विचारलं होतं, आई, शेगडी लावली होतीस का? तू म्हणालीस नाही.”

“हो.”

“देवघरात, आई.”

“हो गं.”

तिने ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग एकदम कोरड्या आवाजात, “उद्या नाही वाचलंस तर काय होईल?”

“ते सुटतील.”

“आणि तू?”

“मी पण सुटेन.”

“मग तू हे नानाआजोबांसाठी करते आहेस की बाबांसाठी?”

तिच्याशी खरं बोलायला माझ्याकडे आता तेवढीच एक वेळ उरली होती. “नाही गं,” मी म्हणाले. “मला मुकुंदभाऊंना बुडालेलं बघायचंय. नाना आणि बाबा मागून आठवले.”

तिने श्वास सोडला. तो हसण्यासारखा वाटला, पण हसणं नव्हतं.

“वाच मग,” ती म्हणाली. “पण मला फोन करू नकोस. मी करेन. कधी ते माहीत नाही.”

*

दुसऱ्या दिवशी सभामंडपात जास्त माणसं होती. शेजारच्या दोन कॉलन्यांतली, जिथे मुकुंदभाऊंनी डबे बसवले होते, तिथलीही काही येऊन उभी होती. कुणीतरी आपल्याकडचा डबा काढून पोत्यात घालून आणला होता. मुकुंदभाऊ पहिल्या रांगेत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नमस्कार केला. त्यांना वाटलं असावं की मी मानलं, कारण त्यांचे खांदे जरा सैलावले.

मी चष्मा लावला.

“दिवस सातशे एकावा. रविवार. सूर्याने दिलं बावीस. पोचलं सोळा. दाखवलं बावीस.”

आता लोक माझ्याबरोबर म्हणू लागले होते. ‘दाखवलं’ आलं की मागून दहा-बारा जण आकडा म्हणायचे, आरतीला जसा सूर धरतात तसा. मुकुंदभाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. आठशेच्या पुढे ते माझ्या तोंडाकडे एकटक बघायला लागले. नऊशे. नऊशे पाच. नऊशे अकरा.

मला थांबता आलं असतं. मशीन चौरंगावर होतं, एक बटण दाबायचं, आणि म्हणायचं, बिघडलं. मी पाण्याचा घोट घेतला.

“दिवस नऊशे बारावा. सोमवार. सूर्याने दिलं अठरा. पोचलं साडेबारा. दाखवलं अठरा.”

मागून आकडा आला. तो विरायच्या आत मी पुढची ओळ वाचली, त्याच चालीत.

“घर क्रमांक सात. इंडक्शन शेगडी. सायंकाळी सहा दहा ते सहा त्रेपन्न. रात्री आठ एकोणीसला बॅटरी रिकामी. शेगडी नसती तर नऊ दोनपर्यंत पुरली असती. कंट्रोलर छापल्याप्रमाणे असता तर पहाटेपर्यंत पुरली असती.”

मंडपात वरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“सात?” नाना म्हणाले. “सात म्हणजे कुणाचं?”

“माझं, नाना.”

“तुमच्याकडे कोण होतं तेव्हा?”

“मीच होते. उद्यापनाचे लाडू करत होते. तुमचं नाव निघालं तेव्हाही मी तिथे होते.”

नाना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आठ महिने गार भाकरी खाल्लेला माणूस. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, पारायणातून कुणी उठत नाही हे काल त्यांनीच सांगितलं होतं, आणि चपला न शोधताच पायऱ्या उतरून उन्हात चालत गेले. त्यांच्या मागून चार नंबरच्या वहिनी उठल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्यापुढची उदबत्ती विझवली. मग पाच नंबर, मग नऊ. शेजारच्या कॉलनीतल्या माणसाने पोतं उचललं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकेक जण माझ्यासमोरून गेला आणि जाताना मुकुंदभाऊंसमोरूनही गेला, आणि दोघांकडे बघायची त्यांची नजर एकच होती.

मंडप रिकामा झाला. अंगठे सकाळीच घेतलेले होते, भागीदार गेले तरी वाचन चालू राहतं. मशीनवरचा हिरवा दिवा जळत होता.

मुकुंदभाऊ घसा खाकरून म्हणाले, “झालं ना समाधान? तुमचंही गेलं, माझंही गेलं. आता कुणासाठी वाचताय?” आणि ते उठायला लागले.

“बसा, भाऊ,” मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच होता. “अजून पाचशे एकोणपन्नास दिवस आहेत.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. हिरव्या दिव्याकडे पाहिलं. आणि खाली बसले.

मी पान उलटावं तसं बोट पुढे सरकवलं.

“दिवस नऊशे तेरावा. मंगळवार. सूर्याने दिलं एकवीस.”